तेरेखोलच्या अलीकडचा लग्नाआधीचा करार

चाळिशी उलटल्यावर दुसरं लग्न करायचं म्हणजे दोन माणसांबरोबर दोन सातबारे, दोन कर्जं, पहिल्या संसारातली मुलं आणि दोन्हीकडचे भाऊबंद असा सगळा लवाजमा येतो. माझ्याकडे वेंगुर्ले तालुक्यात समुद्राजवळ घर, त्याला लागून हापूसची कलमं आणि त्याच आवारात बँकेचं कर्ज काढून बांधलेला चार खोल्यांचा होमस्टे. पहिले यजमान गेले तेव्हा सासूबाई हयात नव्हत्या, त्यामुळे घरबाग माझ्या आणि मुलाच्या नावावर निम्मी-निम्मी झाली. मुलगा आता रत्नागिरीला शिकतो. ज्यांच्याशी लग्न ठरलं ते कुडाळला आयटीआयमध्ये निदेशक. त्यांचा घटस्फोट झालेला, मुलगी आईजवळ कोल्हापूरला असते, तिच्या खर्चाचे पैसे दरमहा जातात. कुडाळात त्यांचा फ्लॅट आहे, हप्ते चालू आहेत. गावी भावांबरोबर सामायिक जमीन आहे, तिच्या सातबाऱ्यावर इतकी नावं की त्यांच्या वाट्याला नेमकं काय येतं ते त्यांनाही सांगता येत नाही.

कराराचा विषय माझ्या दिरांमुळे निघाला. लग्नाचं कानावर गेल्यावर ते घरी आले, चहा घेतला आणि सरळ विचारलं, "वयनी, लगीन करा, आमचा काय म्हणना नाय. पण कलमा खंय जातली, ता आधी सांगा." राग यावा असं त्यात काही नव्हतं. ती कलमं त्यांच्या वडिलांनी लावलेली. गावात असा समज आहे की विधवेने पुन्हा लग्न केलं की पहिल्या घरची जमीन तिच्या हातून सुटते. कायदा तसं म्हणत नाही. नवरा वारला त्या दिवशी ती त्याची विधवा होती, म्हणजे तिचा हिस्सा तिचा झाला. हिंदू वारसा कायदा, 1956 प्रमाणे तो तिच्या पूर्ण मालकीचा, आणि नंतरच्या लग्नाने तो जात नाही. पण दिरांचा प्रश्न त्याच्या पुढचा होता. मी गेल्यावर काय?

त्याच सुमारास शिरोडा-आरोंदा करत तेरेखोल नदी ओलांडून गोव्यात पेडण्याला मावशीकडे जाणं झालं. तिच्या मुलीचं लग्न नुकतंच झालेलं. मावशी म्हणाली, "आमच्याकडे लग्नाआधी कागद नाय केलो तर सगळा अर्ध्या-अर्ध्यान जाता गो." आणि कपाटातून प्लास्टिकची फाइल काढून मुलीचा कागदच समोर ठेवला. गोव्यात 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा अजून चालतो. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, पुढच्या वर्षी संसदेने केलेल्या कायद्याने तिथले आधीचे कायदे चालू राहिले आणि लग्न-मालमत्तेच्या बाबतीत हा कायदा आजवर टिकला. त्याप्रमाणे लग्नाआधी काही ठरवलं नसेल तर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता सामायिक होते; माहेरची, सासरची, आधीची, नंतरची, सगळी. वेगळं काही हवं असेल तर लग्नाआधीच सब-रजिस्ट्रारसमोर रीतसर दस्त करायचा. संपूर्ण वेगळी मालमत्ता ठेवता येते, फक्त लग्नानंतरची कमाई सामायिक करता येते, आणखीही प्रकार आहेत. एकदा लग्न लागलं की त्यात बदल नाही. मावशीच्या मुलीने पूर्ण वेगळेपणाचा दस्त केला होता. तिच्या नवऱ्याचा धंदा आहे, धंद्यात कर्ज असतं, आणि सामायिक मालमत्तेत कर्जंही घरात येतात, हे तिला चांगलं माहीत होतं.

मी त्या दस्ताचे मोबाइलवर फोटो काढले आणि कुडाळच्या वकीलबाईंना दाखवले. त्यांनी दोनच पानं चाळली.

"हे पेडण्याला चालतं कारण तिथल्या कायद्यातच ते लिहिलेलं आहे. नदीच्या अलीकडे असा कायदा नाही. हिंदू विवाह कायद्यात नाही, विशेष विवाह कायद्यातही नाही."

"म्हणजे करताच येणार नाही?"

"करता येईल. मनाई कुठेच नाही. पण कोर्टात तो टिकेलच असं मी लिहून देणार नाही."

वकील फी घेण्याआधी असं बोलतो तेव्हा माझा त्याच्यावरचा विश्वास वाढतो. त्यांनी समजावलं ते असं. महाराष्ट्रात दोन हिंदूंनी लग्नाआधी केलेला करार म्हणजे साधा करार. त्याला 1872 चा भारतीय करार कायदा लागू. कलम 10 ची कसोटी: दोघं सज्ञान आणि शुद्धीवर हवेत, संमती स्वखुशीची हवी, मोबदला आणि उद्देश कायदेशीर हवा. आणि कलम 23: करार सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असेल तर तो रद्दबातल. लग्नाआधीचे बहुतेक करार याच कलमावर आपटतात, कारण आपली न्यायालयं लग्नाकडे नुसता सौदा म्हणून बघत नाहीत. शिरोड्याच्या माझ्या कोकणी मुसलमान मैत्रिणीला हे सांगितलं तर ती हसायलाच लागली. "आमच्याकडे निकाह म्हणजेच करार. मेहेर ठरतो, लिहिला जातो, वर अटीही घालता येतात. तुम्हाला हे आत्ता सुचलं होय?"

काय काय हवं ते दोघांनी आपापलं लिहून आणा, असं वकीलबाईंनी सांगितलं होतं. मी होमस्टेच्या पाहुण्यांच्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर लिहिलं. यांनी टाइप करून आणलं, क्रमांक घालून, निदेशकच ते. आमच्या दोघांच्या यादीतलं जवळजवळ निम्मं वकीलबाईंनी त्याच बैठकीत लाल पेनाने खोडलं, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात फीचे पैसे तिथेच वसूल झाले.

पहिली रेघ पोटगीवर. आम्ही दोघांनीही, एकमेकांना न विचारता, एकच गोष्ट लिहिली होती: उद्या वेगळं व्हायची वेळ आली तर कोणीही पोटगी मागायची नाही. दोघंही कमावते, दोघांनाही मान सांभाळायचा. पण पोटगीचा हक्क आधीच सोडून देता येत नाही. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125 होतं, 1 जुलै 2024 पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 झालं. नवऱ्याने टाकलेली बायको उपाशी राहू नये म्हणून ते आहे, आणि तिने सही केली म्हणून ते गुंडाळून ठेवता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये एका प्रकरणात बायकोने पोटगी सोडल्याचा लेखी समझोतासुद्धा सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरवला. तिथे तर नवरा-बायको आधीच वेगळे झाले होते. आमचं अजून लग्नही लागलं नव्हतं.

दुसरी रेघ माझ्या आवडत्या कलमावर. मी लिहिलं होतं, "लग्नानंतर दोघांचं राहणं कायम वेंगुर्ल्याच्या घरी असेल." होमस्टे सोडून मी कुडाळच्या फ्लॅटमध्ये जाऊन काय करणार? वकीलबाईंनी मला 1901 चा कलकत्ता उच्च न्यायालयाचा निकाल सांगितला, तेकैत मोन मोहिनी जेमादाई विरुद्ध बसंत कुमार सिंग. नवऱ्याने लग्नाआधी लिहून दिलं होतं की बायकोला तिच्या माहेराहून कधी हलवणार नाही, आपणच तिथे राहू. पुढे बिनसलं, तो घराबाहेर पडला आणि बायकोने आपल्याकडे नांदायला यावं म्हणून कोर्टात गेला. कोर्टाने करार मानला नाही. घरजावयाचा हा दाखला ऐकून हे म्हणाले, "म्हणजे पळून जायची मुभा आहे तर." वकीलबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आहे. म्हणूनच ते लिहू नका. आपसात ठरवा." आपसात ठरलेलंच होतं.

माझ्या मुंबईच्या भावाने फोनवर सुचवलं होतं की फसवणूक करेल त्याने दहा लाख द्यायचे असं टाक, म्हणजे जरब राहील. त्यावर तर रेघ मारताना पेन टेबलावर उमटलं. करार मोडल्यास अमुक रक्कम असं लिहिलं तरी कलम 74 प्रमाणे कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देतं, आणि नवरा-बायकोच्या वागणुकीला दरपत्रक लावलेलं कुठल्याही न्यायाधीशाला रुचत नाही. अमुक झालं की आपोआप घटस्फोट, किंवा घटस्फोटाला दोघांची आत्तापासूनच संमती, असंही काही चालत नाही. परस्पर संमतीचा घटस्फोट हवा तर वेगळं राहून किमान एक वर्ष झालेलं लागतं, आणि संमती त्या वेळी, कोर्टासमोर द्यावी लागते.

यांचं एक कलम फार मनापासून लिहिलेलं होतं. "विवाहाच्या मोबदल्यात कुडाळच्या फ्लॅटचा निम्मा हिस्सा पत्नीस देण्याचे मी कबूल करतो." ते वाचून मला भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू. वकीलबाईंनी विचारलं, "हुंडा देताय का?" आम्ही दोघं गप्प. हुंडा प्रतिबंधक कायदा, 1961 मधली व्याख्या मुलीच्या बापापुरती नाही. लग्नाच्या संबंधात एका पक्षाने दुसऱ्याला दिलेली किंवा द्यायची कबूल केलेली मालमत्ता तिच्यात बसते, आणि असं कबूल करणारा करार कलम 5 प्रमाणे रद्द. शिवाय स्थावर मालमत्तेचा हक्क असा कागदावर लिहून जात नाही. बक्षीसपत्र करायचं तर ते सब-रजिस्ट्रारकडे नोंदवावं लागतं, नोंदणीशिवाय ते कायद्याच्या नजरेत झालेलंच नसतं. आणि फ्लॅट तारण असताना बँकेला विचारल्याशिवाय ते करायचंही नसतं. ते कलम गेलं. भरून आलं होतं ते माझ्याकडे राहिलं.

मी विचारलं की नको असलेली कलमं राहू दिली तर काय बिघडलं, कोर्ट तेवढी बाजूला काढेल की. तर करार कायद्याचं कलम 24 आडवं आलं. एकाच करारात उद्देशाचा किंवा मोबदल्याचा काही भाग बेकायदेशीर असेल, आणि तो बाकीच्यापासून सुटा होत नसेल, तर सगळाच करार जातो. "अढीत एक नासका राहू दिलात तर बाकीचे पण गेले," वकीलबाई म्हणाल्या. वेंगुर्ल्याच्या बाईला यापेक्षा जास्त समजावायला लागत नाही.

मग राहिलं काय? ऐकायला साधं आहे, पण भांडणं होतात ती याच गोष्टींवरून. लग्नाआधी ज्याचं जे, ते त्याचंच. ज्याचं कर्ज त्यानेच फेडायचं. होमस्टेचं उत्पन्न माझं, पगार यांचा, घरखर्चाला दोघांनी दरमहा एका सामायिक खात्यात ठरलेली रक्कम टाकायची आणि त्या खात्यातून घेतलेली वस्तू दोघांची. यांनी माझ्या होमस्टेत पैसे घातले, छप्पर शाकारलं, बोअरवेल मारली, तर ते उसने की भेट हे त्याच वेळी लिहून ठेवायचं. नाही लिहिलं तर भेट धरायची. हे शेवटचं कलम वकीलबाईंनी आग्रहाने घातलं. त्यांच्या अनुभवात कोर्टात सगळ्यात जास्त कडवटपणा घराला लावलेल्या अशाच पैशांवरून येतो, कारण देताना कोणी पावती घेत नाही. पोटगीबद्दल एकच ओळ: कायद्याने दोघांना जे हक्क आहेत ते तसेच राहतील. मुलांबद्दल काही लिहिलं नाही. मूल कोणाकडे राहील आणि त्याचा खर्च कोणी करायचा हे ठरवताना कोर्ट मुलाचं हित बघतं, आईबापांचा करार नाही.

दागिन्यांची यादी वेगळी. ती करताना मजा आली. माझ्या पहिल्या लग्नातल्या पाटल्या, आईची मोहनमाळ, होमस्टेच्या पहिल्या सीझनला मी माझी घेतलेली अंगठी; यांच्या आईची ठुशी, जी लग्नात मला मिळणार होती. प्रत्येकाचं वजन पेढीवर करून आणलं, पावत्या लावल्या. हुंडा कायद्याखालच्या 1985 च्या नियमांत लग्नात मिळालेल्या भेटींची यादी ठेवायला सांगितलेलं आहे: काय वस्तू, अंदाजे किंमत, कोणी दिली, देणाऱ्याचं नातं, आणि खाली सही. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी प्रतिभा राणी प्रकरणात सांगून टाकलं की स्त्रीधन ही बायकोची स्वतःची मालमत्ता, नवऱ्याकडे ती सांभाळायला दिलेली असते. नियम इतका जुना, पण एवढ्या लग्नांना गेले, कुठल्या मांडवात अशी यादी पाहिलेली नाही. आहेर कोणी किती घातला त्याची वही मात्र प्रत्येक घरात असते.

यांनी आपल्यासाठी वेगळा वकील घ्यावा असं वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. यांना ते जरा लागलं. "आपण काय भांडतोय का?" पण त्याचं कारण पटण्यासारखं आहे. दोघांचा वकील एकच असला की पुढे कोणीही उठून म्हणू शकतो, तो तिचा माणूस होता, मला नीट सांगितलंच नाही. संमती स्वखुशीची होती हे दाखवायचं तर चार गोष्टी लागतात असं त्या म्हणाल्या: स्वतःचा सल्लागार, वाचायला पुरेसा वेळ, समजेल अशी भाषा आणि समोरच्याची खरी आर्थिक परिस्थिती. "न्यायाधीश आधी तारीख बघतील," असंही म्हणाल्या. हॉल ठरलाय, पत्रिका वाटून झाल्यात आणि हळदीच्या आदल्या दिवशी कागद पुढे केलाय, तर ती सही दबावाखालची ठरायला वेळ लागत नाही. म्हणून आम्ही आधी करार करायचा आणि मगच लग्नाची नोटीस द्यायची असं ठरवलं. आमचं लग्न विशेष विवाह कायदा, 1954 खाली नोंदणी पद्धतीने व्हायचं होतं, त्यात नोटिशीनंतर 30 दिवस थांबावंच लागतं. म्हणजे सही आणि लग्न यांच्यात निदान महिनाभराचं अंतर कागदोपत्री दिसणार होतं. यांनी सावंतवाडीचे एक वयस्क वकील गाठले. करार मराठीत लिहायचा हेही त्यांचंच म्हणणं. इंग्रजी मसुदा दिसायला भारदस्त असतो, पण दोघांपैकी कोणी "मला कळलं नव्हतं" म्हणायची सोय त्यात राहते.

खऱ्या आर्थिक परिस्थितीची संध्याकाळ मला नीट आठवते. ओटीवर आम्ही दोघं, मध्ये पंखा, दोन फायली. मी सातबारा, आठ-अ, कर्जाचा खातेउतारा, दोन वर्षांची विवरणपत्रं, भिशी असं सगळं काढलं. यांनी पगारपत्रक, भविष्य निर्वाह निधी, फ्लॅटचं कर्ज, घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रत, विम्याची पॉलिसी एकेक करून ठेवली. फाइल रिकामी झाली तरी हे ती मिटेनात. लवचिक पट्टी बोटाला गुंडाळत बसले. मग म्हणाले, "एक आणखी आहे. चुलतभावाच्या होडीला मी जामीन आहे."

होडीचं इंजिन बदलायला चुलतभावाने एका पतसंस्थेतून कर्ज काढलेलं, हे जामीनदार. मासळी बसली, हप्ते थकले, आकडा तीन लाखांच्या वर गेलेला. नोटीस यांच्या पत्त्यावरही आली होती, ती त्यांनी ऑफिसच्या खणात ठेवली होती. जामीनदार म्हणजे सही करणारा पाहुणा असं आपल्याकडे लोक समजतात. करार कायद्याचं कलम 128 सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. पतसंस्थेला सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुलीचा दाखला मिळाला की ती सरळ जामीनदाराच्या पगाराला हात घालू शकते.

मी थोडा वेळ काहीच बोलले नाही. रक्कम मोठी होती म्हणून नव्हे. नोटीस खणात होती म्हणून. यांनीही सारवासारव केली नाही. मग मी विचारलं, "हे यादीत लिहायचं?" "त्यासाठीच सांगितलं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी दोन्ही वकिलांना कळवलं. सावंतवाडीच्या वकिलांनी यांना जे सांगितलं ते यांनी मला जसंच्या तसं सांगितलं: हे लपवून सही घेतली असती तर फसवणुकीच्या मुद्द्यावर ती बाई उद्या अख्खा करार रद्द करून मागू शकली असती, आणि तिला तो मिळाला असता. महाराष्ट्रात बायको नवऱ्याच्या जामीनकीला बांधील नसते. पण सामायिक खात्यात पडलेले यांचे पैसे वसुलीच्या तडाख्यात येऊ शकतात. म्हणून थकबाकी मिटेपर्यंत सामायिक खात्यात महिन्याच्या खर्चाहून जास्त शिल्लक ठेवायची नाही, अशी एक ओळ वाढली. पेडण्याची मावसबहीण वेगळेपणाचा दस्त करून का मोकळी झाली, ते मला त्या आठवड्यात नव्याने समजलं.

आता दिरांचा प्रश्न. मृत्युपत्र न करता मी गेले तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम 15 प्रमाणे माझा वाटा मुलगा आणि नवा नवरा यांच्यात समान जातो. म्हणजे एकूण घरबागेपैकी पाव हिस्सा अशा माणसाकडे, ज्याचा त्या कलमांशी काही संबंध नाही. हे यांनाच नको होतं. त्यांनी मसुद्यात लिहिलं होतं की पत्नीच्या मालमत्तेतला वारसाहक्क मी सोडत आहे. ते कलम यांच्याच वकिलांनी काढायला लावलं. माणूस जिवंत असताना त्याच्या वारसाचा हक्क ही नुसती आशा असते. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 6 प्रमाणे अशी आशा कोणाला देता येत नाही, आणि ती आज सोडल्याचं लिहून दिलं तरी उद्या त्यावर विसंबता येत नाही. जो हक्क अजून हातात आलेलाच नाही तो सोडायचा कसा? त्याला औषध एकच, मी मृत्युपत्र करणं. त्याला मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी ऐच्छिक आहे. वकीलबाईंनी ते लग्नानंतर करायला सांगितलं, म्हणजे आधीचं की नंतरचं ही शंकाच नको. मी तसंच केलं आणि नोंदवलंही. माझा सगळा वाटा मुलाला. माझ्या मागे यांना हवं तितके दिवस मागच्या दोन खोल्यांत राहता येईल, एवढी एक तरतूद. ती मुलाने सुचवली. दिरांना सांगितलं तेव्हा त्यांनी "मगे ठीक" एवढंच म्हटलं आणि फवारणी कधी करायची ते विचारलं.

सहीचा दिवस तसा रुक्ष गेला. पाचशेचा मुद्रांक, कारण ऑक्टोबर 2024 पासून महाराष्ट्रात शंभरावर असले कागद होत नाहीत. आणि मुद्रांक कमी पडला तर फरक आणि दंड भरेपर्यंत कोर्ट तो कागद पुराव्यात घेत नाही. तहसील कचेरीजवळच्या नोटरींनी न बघताच विचारलं, "भाडेकरार?" मग पहिलं पान वाचलं, चष्मा वर केला आणि आम्हा दोघांकडे पाळीपाळीने पाहिलं. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, परिशिष्टांवरही. यांचे एक सहकारी आणि माझी एक मैत्रीण साक्षीदार. शेवटी दोन्ही वकिलांनी लिहून सही केली की आपापल्या पक्षकाराला करार वाचून दाखवला आणि समजावला. नोटरींच्या रजिस्टरात सह्या, तिकीट, लाल शिक्का. त्या लाल शिक्क्याबद्दल लोकांची फार मोठी समजूत असते. नोटरी एवढंच सांगतो की या तारखेला या माणसांनी माझ्यासमोर सही केली. आत लिहिलेलं कायदेशीर आहे की नाही याच्याशी त्या शिक्क्याचा संबंध नाही. आमच्या करारातून कुठल्याही जमिनीचा हक्क हस्तांतरित होत नव्हता, म्हणून सब-रजिस्ट्रारकडे नोंदणीची सक्ती नव्हती. तसा एक शब्द जरी आत असता आणि नोंदणी नसती, तर तेवढ्यापुरता तो कागद कोर्टात बिनकामाचा ठरला असता.

करार केला म्हणजे एकमेकांवर विश्वास नाही, असं मला तोंडावर म्हणणाऱ्या दोघी-तिघी भेटल्या. त्यातल्या एकीच्या घरात भावाभावांचा दावा तिच्या सासऱ्यांच्या काळापासून ओरोसच्या जिल्हा न्यायालयात पडून आहे. तिला मी काही बोलले नाही.

आमचा करार कोर्टासमोर टिकेल का, हे वकीलबाई आजही छातीठोक सांगत नाहीत. त्यांच्या मते मालमत्तेची आणि कर्जाची कलमं टिकण्यासारखी आहेत, कारण ती तशीही प्रत्येकाच्या नावावरच्या कागदांशी जुळतात; भांडण झालं तर हा करार पुरावा म्हणून उभा राहील, हुकूम म्हणून नाही. मृत्युपत्र, दागिन्यांची यादी, सातबारा, बँकेचे उतारे यांना तर त्याच्या आधाराची गरजच नाही.

होडीची थकबाकी अजून पूर्ण मिटलेली नाही. चुलतभावाने पावसाळ्यानंतरच्या हंगामात दोन हप्ते भरले, एक यांनी भरला, तो कोणाच्या खात्यातून भरला ते परिशिष्टाखाली लिहून ठेवलं आहे. पतसंस्थेचा बेबाकी दाखला मिळाला की दोघांच्या सहीने पुरवणी करार करून ती नोंद काढायची आणि सामायिक खात्याची मर्यादा उठवायची, असं दोन्ही वकिलांशी बोलणं झालं आहे. यावेळी नोटीस आली तेव्हा ती घरच्या पत्त्यावर आली, आणि फोडली मी.